वार्षिकांकाला पहारेकरी नको, जाणता माणूस हवा

आमच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाचा वार्षिकांक यंदा छापखान्यातून आला, तेव्हा अनुक्रमणिकेत पान ४१ समोर एका लेखाचे आणि त्याच्या लेखिकेचे नाव होते. पान ४१ उघडले की मात्र पावसावरची कविता भेटत होती. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मुलींच्या वसतिगृहातल्या पिण्याच्या पाण्याबद्दल लिहिलेला तो लेख अगदी शेवटी काढला गेला. अनुक्रमणिकेची पाने आधीच छापून झालेली होती, म्हणून नाव तेवढे मागे राहिले. मग माजी विद्यार्थ्यांच्या गटांवर आठवडाभर रण माजले. एका बाजूचे म्हणणे असे की अंक विद्यार्थ्यांचा आहे, त्यात प्राध्यापकांची लुडबुड हवीच कशाला. विद्यार्थी संपादक मंडळाच्या हाती अंक सोपवा आणि प्रमुख संपादक म्हणून मिरवणाऱ्या सरांना रजा द्या. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की संस्थेच्या पैशाने छापायचे आणि संस्थेचीच अब्रू चव्हाट्यावर मांडायची हा कुठला न्याय. यापुढे प्रत्येक ओळ वरिष्ठांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायला जाऊ नये. दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या आणि दोघींनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरली होती, ती ही की अंकापाशी बसवलेला शिक्षक हा दारावरचा पहारेकरी असतो. भांडण उरले ते इतकेच, की पहारा उठवायचा की दुप्पट करायचा.

मला हा वादच भलत्या जागी उभा राहिलेला दिसतो. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाला, मग तो वार्षिकांक असो, भित्तिपत्रक असो की पत्रकारिता विभागाचे प्रायोगिक वृत्तपत्र असो, अनुभवी मार्गदर्शक हवाच; मात्र काय छापायचे याचा शेवटचा निर्णय विद्यार्थी संपादकाचा असावा. आणि या दोन गोष्टी एकत्र नांदायच्या असतील तर तिसरी अट टाळता येत नाही: दिलेल्या सल्ल्याबद्दल त्या मार्गदर्शकाला शिक्षा होता कामा नये. मार्गदर्शक काढून टाकला, तर मुलांना मिळालेले स्वातंत्र्य पहिल्याच तक्रारीत गळून पडते, कारण आपले लेखन कशाच्या आधारावर उभे आहे हे त्यांना सांगता येत नाही. निर्णय मुलांकडून काढून घेतला, तर मार्गदर्शन हा आज्ञेचाच सभ्य प्रकार ठरतो. आणि संरक्षण काढले, तर चांगल्यात चांगला माणूसही पहारेकरी होतो, कारण त्याच्यापुढे दुसरी वाट ठेवलेलीच नसते.

प्रत्यक्षात काय चालते ते आधी पाहावे. जूनमध्ये महाविद्यालय उघडले की प्राचार्यांच्या सहीने समित्यांचे वाटप होते. परीक्षा, प्रवेश, राष्ट्रीय सेवा योजना या जड समित्या. नियतकालिक समिती हलकी समजली जाते आणि बहुधा मराठी विभागातल्या सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडते. पुष्कळदा तो तासिका तत्त्वावर शिकवणारा असतो, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे मिळणारा आणि पुढच्या वर्षी बोलावणे येईल की नाही याची शाश्वती नसलेला. डिसेंबरात सूचनाफलकावर ‘साहित्य पाठवा’ अशी सूचना लागते. जानेवारीत व्हॉट्सॲपवर फिरून फिरून गुळगुळीत झालेल्या आईवरच्या कविता येतात, इंटरनेटवरून उतरवलेले निबंध येतात, अलीकडे तर मोबाइलला सांगून लिहून घेतलेलेही येतात. त्यांचे मराठी, हिंदी, इंग्रजी असे विभाग पाडले जातात. फेब्रुवारीत सगळे डीटीपीला, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीला, जाते आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत बिल निघायला हवे म्हणून मार्चमध्ये घाईघाईने छापले जाते. पुढे पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आणि प्राचार्यांचे मनोगत, मागे विभागांचे अहवाल, आणि कुठेतरी जुन्या वृत्तपत्र-नोंदणी नियमांतला, अंकाची मालकी जाहीर करणारा ‘फॉर्म ४, नियम ८’ असा मथळा असलेला चौकोन, ज्यात प्रकाशक म्हणून प्राचार्यांचे आणि संपादक म्हणून त्या नव्या माणसाचे नाव. त्याखाली ‘अंकातील मतांशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही’ ही ठरलेली ओळ. या सगळ्या वर्षात लिहिणारा विद्यार्थी आणि संपादक सर एका टेबलाशी अर्धा तास तरी समोरासमोर बसलेले असतात का? बहुतेक ठिकाणी नाही. तेव्हा ‘सरांची लुडबुड’ म्हणून ज्याच्यावर एवढा राग काढला जातो, ते मार्गदर्शन आपल्याकडे फारसे घडलेलेच नाही. घडते ती शेवटच्या आठवड्यातली कात्री, आणि ती चालवणारा हात पुष्कळदा सरांचा नसतोच.

तरीही ‘सर नकोत’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडायला हवे. शिक्षक हा संस्थेचा नोकर असतो. त्याने एक अक्षर काढले नाही तरी तो खोलीत आहे म्हणूनच मुले आपली वाक्ये गिळतात. अंतर्गत गुण ज्याच्या हातात, त्याच्यासमोर वसतिगृहाच्या अधीक्षकांबद्दल कोण लिहील? शिवाय संस्थेला स्वतःची टीका सहन होत नाही, हे काही केवळ तालुक्याच्या गावचे दुखणे नाही. मार्च २०१५ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी एक ऑनलाइन साप्ताहिक सुरू केले. प्राचार्यांची मुलाखत त्यांच्या अंतिम संमतीवाचून प्रसिद्ध केल्याच्या कारणावरून ते बंद पाडण्यात आले आणि एका विद्यार्थ्याला निलंबित करण्यात आले. त्या निलंबनाला पुढच्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. देशातल्या नामवंत महाविद्यालयात ही गत, तर इतरांचे काय? हा युक्तिवाद मी मान्य करतो. माझा प्रश्न एवढाच आहे की यातून ‘मार्गदर्शक नको’ हा निष्कर्ष कसा निघतो? दिल्लीच्या त्या प्रकरणात विद्यार्थी आणि प्राचार्य यांच्या मध्ये उभे राहून ‘मुलाखतीची संमती कशाला म्हणायची, ती केव्हा घ्यायची आणि मुलाखत देणाऱ्याला मजकूर आधी दाखवण्याचे बंधन असते की नसते’ हे दोघांनाही सांगू शकणारा, दोघांचाही विश्वास असलेला माणूस असता, तर प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेच असते असे नाही. मुलांना दिलासा मिळाला, पण न्यायालयात जाऊन. दर वार्षिकांकासाठी वकील कोण लावणार?

या विषयावर सर्वांत जास्त खल झाला आहे तो अमेरिकेत, आणि तिथल्या एका खटल्याचा दाखला आपल्याकडे दोन्ही बाजू अर्धवट देतात म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. तिथे बहुतेक मोठ्या शाळांत विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र आणि वर्षाच्या शेवटी निघणारे स्मरणपुस्तक असते, आणि दोन्हींना सल्लागार शिक्षक नेमलेला असतो. १९६९ साली, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून आलेल्या मुलांच्या खटल्यात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या फाटकाशी विद्यार्थ्याचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य गळून पडत नाही असे सांगितले होते. त्यानंतर मे १९८३ मध्ये मिसुरी राज्यातल्या हेझलवूड ईस्ट या शाळेच्या मुख्याध्यापकांनी ‘स्पेक्ट्रम’ या विद्यार्थी वृत्तपत्राची दोन अख्खी पाने काढून टाकली. त्यांना आक्षेपार्ह वाटलेले लेख दोन होते, एक शाळेतल्या गरोदर मुलींच्या अनुभवांवर आणि एक आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर होणाऱ्या परिणामावर. त्यांच्याबरोबर त्याच पानांवरचा बाकीचा निरुपद्रवी मजकूरही गेला. १३ जानेवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी मुख्याध्यापकांच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या नावाने निघणाऱ्या वृत्तपत्रात शैक्षणिक हेतूशी सुसंगत कारणासाठी शाळा हस्तक्षेप करू शकते, असे त्याचे सार. पहाऱ्याचे समर्थक इथे थांबतात आणि विजयी मुद्रेने पाहतात.

पण निकालपत्रातली हकिगत वाचली की वेगळेच चित्र दिसते. वर्षभर त्या मुलांना पत्रकारिता शिकवणारे, त्यांच्याबरोबर अंकामागून अंक काढणारे शिक्षक एप्रिलच्या शेवटी नोकरी सोडून गेले होते. उरलेल्या काही आठवड्यांसाठी दुसऱ्या शिक्षकाकडे हे काम आले. त्यांनी रिवाजाप्रमाणे १० मे रोजी मुद्रिते, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रती, मुख्याध्यापकांकडे नेली. अंक १३ तारखेला निघायचा होता. घटस्फोटाच्या लेखात एका मुलीने आपल्या वडिलांबद्दल केलेली तक्रार तिच्या नावानिशी होती आणि वडिलांना बोलायची संधी मिळालेली नव्हती, असा मुख्याध्यापकांचा आक्षेप होता. आक्षेप रास्तच होता. पण छापायच्या अंतिम प्रतीतून शिक्षकांनी ते नाव आधीच काढलेले होते आणि ही गोष्ट मुख्याध्यापकांना ठाऊकच नव्हती. सुधारणेला वेळ उरलेला नाही, असे समजून त्यांनी पानेच काढली. म्हणजे ज्या खटल्यावर एका देशातल्या विद्यार्थी पत्रकारितेचे पुढचे भवितव्य ठरले, त्याच्या मुळाशी मार्गदर्शकाची जागा ऐन वेळी बदलणे, वेळ अपुरा पडणे आणि दोन माणसांनी एकमेकांशी न बोलणे ही कारणे होती. अनुभवी माणूस शेवटपर्यंत टेबलाशी असता, तर वडिलांना फोन दोन आठवडे आधीच गेला असता. या निकालातून कात्रीचा अधिकार काढणाऱ्यांनी हेही सांगावे की कात्रीची वेळ मुळात का आली.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. संस्थेचे म्हणणे सरसकट हुकूमशाहीचे म्हणून झटकून टाकता येत नाही. अंकावर प्रकाशक म्हणून प्राचार्यांचे नाव असते. बदनामी हा आपल्याकडे दिवाणी दाव्यापुरता विषय नाही, भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे. धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपासाठी वेगळी कलमे आहेत, आणि आजच्या वातावरणात एका कवितेवरून महाविद्यालयाच्या फाटकावर जमाव यायला फार वेळ लागत नाही. कनिष्ठ महाविद्यालयाची मुले तर अल्पवयीन असतात. सोळा वर्षांच्या मुलीने घरातल्या मारहाणीबद्दल मोकळेपणाने लिहिले आणि ते तिच्या नावानिशी छापले, तर त्याचे परिणाम अंक काढणाऱ्यांनी भोगायचे नसतात, तिने भोगायचे असतात. ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून जो सुचवला जातो तो मात्र खोटा आहे. वरिष्ठांनी शेवटच्या आठवड्यात ‘नजर टाकणे’ याने धोका ओळखला जात नाही. ज्यात एखाद्या पदाधिकाऱ्याचे नाव असते तेवढेच नजरेत भरते. त्या सोळा वर्षांच्या मुलीचा लेख अशा तपासणीतून ‘हृदयस्पर्शी’ म्हणून सहज पार होईल आणि पाण्याच्या टाकीवरचा लेख अडेल. धोका कुठे आहे हे जो माणूस लेख लिहिला जात असताना शेजारी असतो त्यालाच कळते.

याला आपल्याकडचा दाखला ‘केसरी’चाच आहे. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ सुरू झाला तेव्हा टिळक आणि आगरकर पंचविशीच्या आसपासचे होते, महाविद्यालयातून बाहेर पडून फार दिवस झालेले नव्हते. कोल्हापूरच्या छत्रपतींना दिवाण बर्वे यांच्या कारभारात छळ सोसावा लागतो आहे या प्रकरणात त्यांनी हिरिरीने लिहिले. ज्या पत्रांवर त्यांनी भिस्त ठेवली ती बनावट निघाली, दिवाणांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला, आणि १८८२ साली दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हा इतिहास आपण धाडसाचा म्हणून सांगतो, आणि तो तसा आहेच. पण तो कागद न तपासण्याचाही इतिहास आहे. इथे कोणी विचारील की एखादा अनुभवी वडीलधारा त्यांच्या शेजारी असता तर त्याने ते छापूच दिले नसते, आणि मग ‘केसरी’ तो ‘केसरी’ राहिला असता का? हा प्रश्न मला आवडतो, कारण त्यात अनुभवाबद्दलची आपली समजूत उघडी पडते: अनुभवी म्हणजे भित्रा, आणि त्याचे काम म्हणजे थांबवणे. प्रत्यक्षात वृत्तपत्राच्या टेबलावर मुरलेला माणूस ‘छापू नका’ क्वचित म्हणतो. तो विचारतो, मूळ पत्र कुठे आहे? अक्षर कोणाचे, हे कोणी ओळखले? ते तुमच्यापर्यंत आणणाऱ्याचा यात काय स्वार्थ? एवढे तीन प्रश्न विचारल्यावरही लेख छापला गेला असता, कदाचित दिवाणांना अधिक झोंबेल असा छापला गेला असता, आणि खटल्यात माफी मागण्याची वेळ आली नसती.

मला स्वतःला हे कळले ते सायकल स्टँडमुळे. महाविद्यालयात असताना मी वार्षिकांकासाठी सायकल स्टँडच्या ठेकेदारावर लेख लिहिला होता. पहिल्याच परिच्छेदात ‘लूट’ हा शब्द तीनदा होता. संपादक सरांनी लेख परत दिला तेव्हा त्यातली एकही ओळ खोडलेली नव्हती. समासात लाल शाईने बारीक अक्षरात ठिकठिकाणी एवढेच होते: ‘कोण म्हणाले?’, ‘केव्हा?’, ‘पावती?’. मी आठ दिवस पावत्या गोळा केल्या. तेव्हा लक्षात आले की जादा पैसे घेतले जात होते ते सर्वांकडून नव्हे, सायंकाळच्या वर्गांच्या मुलांकडून; आणि दराचा फलक नियमाप्रमाणे लावलेला होता, फक्त तो रखवालदाराच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला होता. ‘लूट’ हा शब्द मीच काढला. फलकाची हकिगत आल्यावर त्याची गरज उरली नव्हती. लेख छापून आला, ठेकेदाराने कार्यालयात तक्रार केली, सरांना बोलावणे आले, आणि त्यांनी टेबलाच्या खणातून पावत्यांचा गठ्ठा काढून समोर ठेवला. पुढच्या सत्रात फलक बाहेर आला. या आठवणीतला एक तपशील मला तेव्हा दिसला नव्हता, तो आज दिसतो: सर कायम नोकरीत होते, सेवाज्येष्ठ होते, आणि त्यांना हात लावायचा तर संस्थेला फार मोठी खटपट करावी लागली असती. त्यांच्या जागी तासिका तत्त्वावरचा तरुण शिक्षक असता तर? मूल्ये तीच, शाई तीच. पण बोलावणे आल्यावर त्याने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे?

म्हणून मी संरक्षणाच्या अटीवर अडून बसतो. कॅलिफोर्नियाने १९७७ मध्येच शाळकरी पत्रकारांच्या स्वातंत्र्याला कायद्याचा आधार दिला होता. त्यामुळे शाळांना मुलांना थेट अडवता येईना, तेव्हा काही ठिकाणी मुले सोडून सल्लागार शिक्षकाला हलवण्याची युक्ती निघाली. ती बंद करण्यासाठी २००८ साली तिथे आणखी एक कायदा करावा लागला: विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीची पाठराखण केली म्हणून कोणा शिक्षकाला काढता, निलंबित करता किंवा बदलता येणार नाही. मुलांना दिलेले स्वातंत्र्य त्यांच्या शिक्षकाच्या नोकरीवाटे परत काढून घेता येते, हे कळायला त्या राज्याला तीस वर्षे लागली. आपण तीच तीस वर्षे पुन्हा घालवावीत असे काही नाही.

असे संरक्षण असलेले मार्गदर्शन कसे दिसते याचे एक अलीकडचे उदाहरण अमेरिकेतल्याच कॅन्सस राज्यातले आहे. २०१७ साली पिट्सबर्ग या गावातल्या शाळेच्या विद्यार्थी वृत्तपत्राने, नव्याने नेमल्या गेलेल्या मुख्याध्यापिकेने ज्या विद्यापीठाच्या पदव्या सांगितल्या होत्या त्या विद्यापीठाचाच शोध घेतला आणि त्याच्या मान्यतेचा पत्ता लागत नाही असे छापले. काही दिवसांतच त्या मुख्याध्यापिकेने राजीनामा दिला. कौतुक मुलांचे झाले, ते व्हायलाच हवे होते. मला त्या हकिगतीत लक्षणीय वाटते ती वेगळीच गोष्ट. वृत्तपत्राच्या सल्लागार शिक्षिका मुख्याध्यापिकेच्या निवड समितीत होत्या, म्हणून या बातमीपुरत्या त्या बाजूला झाल्या आणि मुलांना बाहेरच्या अनुभवी माणसाची साथ मिळाली. कुठे बसायचे याइतकेच कुठून उठायचे हे ज्याला कळते, तो मार्गदर्शक. हा धडा मुलांना कुठल्या पाठ्यपुस्तकातून मिळाला असता?

एक आक्षेप उरतो, आणि तो तरुणांकडून येतो: वार्षिकांक वाचतो कोण? ज्याला बोलायचे तो इन्स्टाग्रामवर बोलतो. तिथे ना सर, ना फॉर्म ४. खरे आहे, आणि वसतिगृहाच्या पाण्यावरचा तो लेखही शेवटी मोबाइलवरच फिरला. पण दोन दिवस फिरून तो कुठे गेला? छापील अंक ग्रंथालयाच्या कपाटात राहतो. एखाद्या गावातल्या शिक्षणाचा, पहिल्या पिढीच्या मुलींचा, दुष्काळाच्या वर्षी ओस पडलेल्या वर्गांचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला उद्या हाताशी असतील ते हे अंक. त्या दृष्टीने अमेरिकेतल्या स्मरणपुस्तकाची शिस्त आपण उचलायला हवी. तिथे प्रत्येक चेहऱ्याखाली अचूक नाव असणे ही प्रतिष्ठेची बाब असते. आपल्या अंकांत हिवाळी शिबिराच्या फोटोखाली ‘डावीकडून’ म्हणून मान्यवरांची सहा नावे असतात आणि मागच्या रांगेतल्या ज्या चाळीस मुलांनी बंधारा बांधला ती ‘व इतर स्वयंसेवक’ असतात. ‘इतर’ ही ओळ छापू न देणारा जाणता माणूस हवा, असे मी म्हणतो तेव्हा कोणाच्या स्वातंत्र्यावर घाला येतो? विद्यापीठांच्या नियतकालिक स्पर्धांत बक्षीस मिळवायचे म्हणून काही सर स्वतःच अर्धा अंक लिहितात, विशेषांकाचा विषय, मुखपृष्ठ, संपादकीय सगळे आपल्या हाताने सजवतात. तेही मार्गदर्शन नव्हे; अंक देखणा होतो आणि मुले फोटोपुरती उरतात.

शिक्षक-विद्यार्थ्यांनी मिळून नियतकालिक चालवण्याची रीत आपल्याला परकी नाही. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी प्राध्यापक पॅटन यांच्या पाठबळाने विद्यार्थ्यांची साहित्य व विज्ञान सभा काढली. तिच्या मराठी शाखेचे, ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंगांसारख्या मुरलेल्या माणसाकडे होते, आणि १८५० पासून तिचे मासिक निघू लागले. याच सभेच्या तरुणांनी १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या, तेव्हाच्या मुंबईला ते मुळीच मानवणारे नव्हते. वडीलधारे सोबत होते म्हणून तरुणांचे धाडस कमी झाले, असे त्या सभेचा इतिहास वाचून तरी म्हणता येत नाही.

मग करायचे काय? फार थोडे, पण ते लेखी हवे. विद्यार्थी संपादक मंडळ जुलैतच नेमले जावे आणि मजकुराचा निर्णय त्याचा असेल हे नेमणुकीच्या पत्रात लिहिलेले असावे. मार्गदर्शकाचे तास त्याच्या कार्यभारात धरले जावेत; समिती म्हणून फुकट लादलेले काम कोणीही शेवटच्या महिन्यातच करतो. प्राचार्यांचा आक्षेप असेल तर तो लेखी, कारणासहित आणि मुद्रिते हाती आल्यापासून ठरलेल्या दिवसांत यावा, म्हणजे त्याला उत्तर देता येईल, मजकूर सुधारता येईल. सुधारूनही कायद्याचा प्रश्न उरलाच, तर मत वकिलाचे घ्यावे, संस्थेच्या सचिवांच्या मेहुण्याचे नव्हे. आणि जिथे कायम शिक्षक नाही, तिथे बाहेरचा माणूस बोलवावा. प्रत्येक जिल्ह्याच्या गावी वृत्तपत्राच्या टेबलावर तीस-तीस वर्षे काढून निवृत्त झालेली माणसे आहेत. सकाळी बागेत फिरताना ती एकमेकांना मथळ्यांतल्या चुका दाखवत असतात. त्यांना आठवड्यातून एक दुपार द्यायला सांगा. संस्थेला त्यांना नोकरीवरून काढता येणार नाही, हा त्यांचा सर्वांत मोठा गुण.

पान ४१ च्या त्या विद्यार्थिनीला मी भेटलो. लेख वाचला. राग अस्सल होता, पण टाकी शेवटची केव्हा धुतली हे त्यात नव्हते आणि अधीक्षकांचे म्हणणेही नव्हते. ते तिला कोणी विचारलेच नव्हते, अंक सजवताना नाही आणि पान काढतानाही नाही. मी विचारल्यावर ती गप्प झाली. पंधरा दिवसांनी टाकी धुतल्याच्या नोंदवहीतल्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो घेऊन आली. दोन नोंदींमध्ये चार महिन्यांचे अंतर होते, आणि अधीक्षकांनी पाणी तपासणीसाठी तीनदा पत्र दिल्याच्या पोचपावत्याही त्याच वहीत चिकटवलेल्या होत्या. तिच्या पहिल्या लेखातल्या खलनायिका त्याच होत्या. आता लेख वेगळा झाला आहे, दीडपट लांबला आहे, आणि तो कोणाकडे द्यायचा असे ती विचारते आहे. अंकासाठी साहित्य मागवणारी सूचना फलकावर लागायला अजून अवकाश आहे. त्या सूचनेखाली संपादक म्हणून कोणाचे नाव येईल हे ठरलेले नाही.